मुहूर्ताचा भाव

विद्येचे मोल पैशात होत नाही, हे वचन मी आजवर पुष्कळ ठिकाणी ऐकले. कॉलेजांच्या वर्धापनदिनी ऐकले, निरोपसमारंभांत ऐकले, आणि एकदा तर ज्या प्राध्यापकाचा पगार कित्येक महिने तुंबला होता त्याच्याच सत्कारात, त्याच्या गळ्यात हार घालता घालता म्हटलेले ऐकले. वचन खरे आहे. विद्येचे मोल पैशात होत नाही. ते नोकरीच्या वर्षांत होते, आणि वर्षे कुठून मोजायची हे कमिटी ठरवते.

हे आता आठवायचे कारण इतकेच की खामगावात कापसाचा हंगाम पुन्हा सुरू झाला आहे. घाटावरून, मेहकर-चिखलीकडून, गाड्यांची रांग उतरते आहे. रस्त्याकडेच्या बाभळी जाणाऱ्या गाड्यांतला कापूस ओरबाडून ठेवतात. मार्गशीर्ष लागेपर्यंत त्या काटेरी झाडांना असा बहर येतो की परक्या माणसाला वाटावे, इकडे कापूस बाभळीलाच लागतो. जिनांचे, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यांचे, भोंगे पहाटे एकामागून एक ओरडतात. हवेत सरकीचा कोंदट, तेलकट वास भरतो. आणि रुईचे तूस, ते उडते बारीक तंतू, सगळीकडे असते. दौतीत, दह्यावर, मुन्सफांच्या टेबलावर, अशिलाच्या मिशीत. मी वकील आहे, आणि वकिलाच्या काळ्या कोटाला हा हंगाम मानवत नाही. सकाळी निघताना बायको म्हणते, "थांबा, पाठीवर कापूस आहे." मी थांबतो. दरवर्षी त्या क्षणी मला वहिनी आठवतात.

वहिनी भाऊंच्या कोटावरचे तूस वेचायच्या. भाऊ म्हणजे माझे थोरले बंधू, नागपूरच्या एका खाजगी कॉलेजात तर्कशास्त्राचे प्राध्यापक. वहिनी आमच्याकडे खामगावात राहत त्या वर्षांत, दिवाळीची सुटी संपवून ते परत निघाले की टांगा दारात उभा असायचा, टांगेवाला ओरडत असायचा, आणि वहिनी अंगणात भाऊंना गोल फिरवून खांद्यावरचे, पाठीवरचे एकेक तूस चिमटीने काढत असायच्या.

"राहू दे ना. गाडी जाईन."

"जाऊ द्या. तिथले पुण्यावाले म्हणतीन, आला वऱ्हाडातला कापूस."

"कोट साफ असला तरी म्हणतात. मी तोंड उघडलं की कळतं त्यांना."

"मंग नका उघडू तोंड."

"तोंड उघडण्याचाच पगार आहे बाई."

मग दोघे हसायचे, आणि टांगेवाला घोड्याला शिव्या द्यायचा. माणसांना देता येत नव्हत्या म्हणून.

भाऊंच्या कॉलेजात प्राध्यापकांची एक लांबट खोली होती. तिला एकच खिडकी. खिडकीबाहेर कडुलिंब. कुठल्या खुर्चीवर कोणी बसायचे हे कुठेही लिहिलेले नव्हते, आणि म्हणूनच तो नियम कधी मोडला जात नसे. सर्वांत जुना प्राध्यापक खिडकीजवळ, त्याच्या खालोखालचा त्याच्या शेजारी, असे करत करत नवा माणूस दाराजवळ. दाराजवळच्या खुर्चीला येणाऱ्या प्रत्येकाचा धक्का लागे. कोणी निवृत्त झाला किंवा वारला की सगळे एकेक खुर्ची खिडकीकडे सरकत. पगारही तसाच, दरवर्षी थोडा सरके. भाऊ दारापासून निघून खिडकीच्या शेजारच्या खुर्चीपर्यंत पोहोचले, तोवर त्यांच्या डोक्यावरचे बरेचसे केस गेले होते. लिंबाची सावली मात्र आता त्यांच्या वहीवर पडू लागली होती.

वर्षाच्या शेवटी सगळ्यांचा मिळून एक फोटो निघे. मधोमध प्राचार्य, दोन्ही बाजूंना ज्येष्ठतेप्रमाणे खुर्च्या, आणि कनिष्ठ मंडळी मागे बाकांवर उभी. मी एकदा तो सोहळा पाहिला आहे. दोन प्राध्यापक एकाच दिवशी नोकरीला लागलेले होते आणि खुर्ची एकच उरली होती. एकाने सकाळी सही केली होती, दुसऱ्याने दुपारी, हे जुन्या कारकुनाला बोलावून ठरेपर्यंत फोटोग्राफर काळ्या फडक्यात डोके घालून उभा होता. लढाईत सेनापतींची जागा ठरवायला याहून कमी वेळ लागत असावा.

मग माळव्याकडच्या एका संस्थानाच्या महाराजांना तत्त्वज्ञानाचा उमाळा आला. त्यांनी कॉलेज काढले. इमारत आधी, घंटा नंतर, आणि सर्वांत शेवटी प्राध्यापक. भाऊंना बोलावणे आले: विभागाचे प्रमुखपद, राहायला बंगला, आणि पगार जवळजवळ दीडपट. भाऊंचे प्राचार्य भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "राजीनामा देऊ नका. बिनपगारी रजा घ्या. जमलं नाही तर परत या, खुर्ची तुमचीच राहील."

भाऊ दिवाळीला खामगावला आले ते ही गोष्ट सांगतच आले. मी म्हटले, "मग रजा घेतली ना?"

"नाही. राजीनामा दिला."

"काऊन?"

"एका माणसानं दोन खुर्च्या अडवायच्या? मी परत येईन की नाही या संशयात दाराजवळच्या पोरानं दाराचे धक्के खात बसायचं? बरं दिसत नाही ते."

तर्कशास्त्रात याला काय म्हणतात मला ठाऊक नाही. आमच्याकडे याला भोळेपणा म्हणतात, आणि तोही घरचा माणूस असला तर.

त्याच आठवड्यात बाजारात कापसाचा मुहूर्त झाला. हंगामाची पहिली गाडी येते तो सोहळा खामगावात आजही होतो. बैलांची शिंगे रंगवलेली, गाडीला झेंडूच्या माळा, दलाल आणि व्यापारी नव्या टोप्या घालून उभे. नारळ फुटतो, गुलाल उडतो, गाडीवानाला पागोटे बांधतात, आणि त्या पहिल्या गाडीला भाव असा पुकारतात की ऐकणाऱ्याने डोळे मिटून घ्यावेत. त्या वर्षीचा मान पिंपळगावकडच्या एका पाटलाला मिळाला. भाऊ आणि मी गर्दीत उभे होतो. पाटील पागोट्याखाली लाजत होता. भाऊंना ते सगळे फार आवडले. त्यांनाही नुकताच कोणीतरी मुहूर्ताचा भाव दिला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच वाटेने जात होतो तेव्हा तोच पाटील आणखी दोन गाड्या घेऊन आला होता आणि दलालाशी भांडत होता. पागोटे अजून डोक्यावर होते.

"अबे, काल याच कापसाले हार घातला ना तू?"

"घातला ना पाटील."

"मंग आज आर्धा भाव कायले सांगून राह्यला? एकाच वावरातला हाय हा. कापूस बदलला का रातीतून?"

"कापूस थोच हाय. काल मुहूर्त होता."

"अन् आज?"

"आज बाजार हाय."

भाऊ इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मीही हसलो. पाटील आमच्याकडे रागाने बघत राहिला, आणि आता विचार करतो तेव्हा आम्हा तिघांत परिस्थिती नीट समजलेला तोच एक होता असे वाटते.

माळव्यात पहिली दोन वर्षे उत्तम गेली. वहिनी आणि दोन्ही मुली बंगल्यात राहिल्या. दारापुढे गुलाब होते, असे वहिनी सांगत. मग महाराजांचा तत्त्वज्ञानाचा उमाळा ओसरला आणि मोटारींचा आला. कॉलेजचे हायस्कूल झाले, इमारतीच्या एका भागात मोटारी राहू लागल्या. हायस्कुलात तर्कशास्त्र शिकवीत नाहीत. भाऊ सामान बांधून निघाले.

नागपूरच्या जुन्या कॉलेजने त्यांना परत घेतले. माणूस तोच, विषय तोच, फळाही तोच. फक्त नोकरीची तारीख नवी. ते कनिष्ठ अध्यापकाच्या सर्वांत खालच्या पगारावर लागले आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले. विभागाचे प्रमुख आता पाठक होते, भाऊंचेच विद्यार्थी. पहिल्या दिवशी पाठक उठून उभे राहिले. "सर, तुम्ही इथे बसा. मला लाज वाटते."

भाऊ म्हणाले, "पाठक, जो आधी आला तो श्रेष्ठ हे अनुमान सदोष आहे, असं तुम्ही परीक्षेत लिहिलं होतंत. मी पूर्ण गुण दिले होते. आता बसा."

हे सांगताना भाऊंनी जलंबचे उदाहरण दिले. खामगावहून नागपूरला जायचे तर जलंबला गाडी बदलावी लागते. "अनुभव माणसाबरोबर येतो, अशी माझी समजूत होती. नागपूरच्या गाडीत चढून सांगून बघ, मी खामगावपासून बसून आलोय, मला जागा द्या. कोण उठेल? जलंबला उतरलास की बसून आलेला सगळा प्रवास जलंबलाच राहतो."

त्या पगारात नागपूरला बिऱ्हाड होणे शक्य नव्हते. भाऊ एका खोलीत राहू लागले आणि खाणावळीत जेवू लागले. वहिनी आणि मुली खामगावात आमच्याकडे राहिल्या. भाऊंनी संस्थेकडे अर्ज केला होता की आधीची नोकरी धरावी. ती धरली तर जुना पगार, जुनी खुर्ची, आणि नागपूरला दोन खोल्यांचे घर. वहिनींना त्यातले शेवटचे तेवढे हवे होते.

त्यांनी एक पेटी भरून ठेवली होती. घरात तिला सगळे नागपूरची पेटी म्हणत. शेगडी, पोळपाट, दोन तपेली, कंदील, मुलींचे परकर. पेटी कधी वापरायला उघडत नसे, पण दर हंगामाला वहिनी ती उघडून परकर काढत. मुली वाढलेल्या असत. आखूड झालेले परकर शेजारी देऊन त्या नव्या मापाचे परकर आत ठेवत आणि पेटी पुन्हा बंद करत. मी एकदा म्हटले, "वहिनी, लांबलचक शिवून ठेवा म्हणजे झालं." त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मी कोर्टात निघून गेलो.

मला आठवतो तो हंगाम त्यानंतरचा. संस्थेच्या कमिटीचे अध्यक्ष गोकुळशेठ हे खामगावचेच, दोन जिनांचे मालक. कॉलेजने त्यांना दानशूर ही पदवी दिली होती आणि त्यांनी ती जिनच्या पाटीवर रंगवून घेतली होती. दिवाळीच्या सुटीत मी भाऊंना त्यांच्याकडे घेऊन गेलो. भाऊंना यायचे नव्हते. वहिनींनी कोट झटकून हातात दिला, म्हणून आले.

जिनात यंत्रांच्या आवाजाने कानाला दडे बसत होते. आतल्या गादीवर शेठ बसले होते. भुवयांवर रुई साठून ते साठीचे दिसत होते.

"या प्रोफेसरसाहेब, या वकीलसाहेब. खुर्ची पुसून बसा."

भाऊ म्हणाले, "नवीन काही मागत नाही. आधी जी नोकरी केली ती धरावी, इतकंच."

"अर्ज वाचला मी. लय चांगला लिहिला. पण मले एक सांगा. माह्याकडे एक फिटर होता. शेजारच्या जिनवाल्यानं जास्ती पैसे देल्ले, त गेला. थो जिन बसला. मंग आला माह्या दारी, शेठ घ्या मले. मी घेतलं. पण जो फिटर माह्यापाशीच राह्यला होता, त्याच्या हाताखाली घेतलं. वर घेतलं असतं, त थो राह्यलेला काय म्हणला असता?"

भाऊंनी क्षणभर विचार केला. मला तो विचार दिसला.

"अन्याय झाला म्हणाला असता," भाऊ म्हणाले.

"मंग?"

"मुद्दा बरोबर आहे तुमचा."

मी घाईने म्हटले, "शेठजी, फिटर आणि प्राध्यापक यांत फरक आहे."

"हाव ना. फिटर नसला त जिन बंद पडतो."

शेठ स्वतःच मोठ्याने हसले. मग बरे वाटावे म्हणून असेल, आवाज उतरवून म्हणाले, "मी नाही म्हणलं नाही हो. हंगाम उरकू द्या. फाल्गुनात बैठक घेतो. आता मले मरायले फुरसत नाही."

परतताना मी चिडलो होतो. "तुम्ही कोणाच्या बाजूनं बोलत होता?"

"मुद्द्याच्या."

"मुद्दा नागपूरला बिऱ्हाड करून देणार आहे का?"

भाऊ बाभळींच्या कापसाकडे बघत चालत होते. मग म्हणाले, "तो जागेवर राहिलेला फिटर म्हणजे पाठक. शेठला ते माहीत नाही. मला आहे."

वहिनी दारातच उभ्या होत्या. "काय म्हणले शेठ?"

"हंगाम झाल्यावर बैठक आहे."

"म्हणजे हाव म्हणले."

"म्हणजे हंगाम झाल्यावर, असं म्हणाले."

"तेच थे," असे म्हणून वहिनी आत गेल्या, आणि पेटीची कडी वाजलेली मी ऐकली.

सुटी संपली. टांगा आला. वहिनींनी भाऊंना गोल फिरवले. त्या वेळी त्यांना बारीक खोकला होता. हंगामात तो खामगावात सगळ्यांनाच असतो, म्हणून कोणी लक्ष दिले नाही.

त्या वर्षी कापूस उदंड आला. बाजारात जागा पुरेना, गाड्या थेट टेशनाच्या रस्त्यापर्यंत उभ्या. सगळे गाव खुशीत होते. पौषात वहिनींना ताप भरला. डॉक्टर दोनदा येऊन गेले, न्यूमोनिया म्हणाले. सकाळचा भोंगा झाला की त्या डोळे उघडत आणि विचारत, "हंगाम संपला का हो भावजी?"

"संपत आला."

बाहेर गाड्यांची चाके करकरत असत. वहिनीही ती ऐकत असणार. दोन-तीन दिवस त्यांनी तेच विचारले आणि मी तेच सांगितले. नंतर त्यांनी विचारणे सोडून दिले.

भाऊंना तार केली. ते मिळाली त्या गाडीने निघाले, पण जलंबला खामगावची गाडी सुटून गेली होती. पुढच्या गाडीची वाट बघणे त्यांच्याने झाले नाही. रुळांच्या कडेने ते चालत निघाले. दुपारी दारात आले तेव्हा आम्ही सगळे अंगणात बसलो होतो आणि आत जायची घाई करण्यासारखे काही उरले नव्हते. वाटेत कापसाने भरलेले मालगाडीचे डबे त्यांच्या शेजारून गेले असावेत. काळा कोट खांद्यापासून खालपर्यंत पांढरा झाला होता. ते तसेच उभे राहिले. तूस वेचायला कोणी पुढे झाले नाही. तो हक्क कोणाचा हे घरात सगळ्यांना माहीत होते.

फाल्गुनात बैठक झाली. गोकुळशेठ शब्दाला जागले. पाठकांनीही भाऊंच्या बाजूने आपणहून लिहून दिले होते, हे मला पुष्कळ नंतर कळले. ठराव असा झाला की आधीची सर्व नोकरी धरावी. ज्येष्ठता मागील तारखेपासून मोजावी. पगार मात्र पुढील महिन्यापासून द्यावा. कमिटीच्या दृष्टीने ठराव उदार होता, आणि मला त्यात आजही कायद्याची चूक काढता येत नाही. गेलेली वर्षे कागदावर परत करता येतात. ती पुन्हा जगता येत नाहीत, एवढेच.

भाऊंनी नागपूरला दोन खोल्या घेतल्या. मुलींना न्यायला आले तेव्हा नागपूरची पेटीही घेतली. टांग्यात ठेवताना माझ्या बायकोने विचारले, "यातलं काही काढून ठेवायचं का?" भाऊ म्हणाले, "नको. बरोबर भरलेली आहे." नागपूरला पोहोचल्यावर धाकटीने सांगितले की सगळे परकर अगदी अंगाबरोबर बसले. वहिनींनी त्या वर्षी, पहिल्यांदाच, मापापेक्षा थोडे लांब शिवले होते.

भाऊही आता नाहीत. ठराव झाला त्या वर्षीचा कॉलेजचा फोटो माझ्या बैठकीत आहे. प्राचार्यांच्या शेजारी दुसऱ्या खुर्चीत भाऊ बसले आहेत, पलीकडे पाठक. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर फोटोग्राफरने ताटकळत ठेवल्याचे गांभीर्य आहे. भाऊंच्या काळ्या कोटावर डाव्या खांद्याशी एक पांढरा ठिपका आहे. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवत आलो. हे खामगावचे तूस, मी सांगायचो. कोटावरून वेचून घ्यायला त्या वर्षी कोणी राहिले नव्हते. ऐकणारा फोटोजवळ सरके. बायका डोळ्यांना पदर लावत. माझाही आवाज दरवेळी त्याच शब्दावर जड होई, आणि आपण इतकी वर्षे वकिली करूनही आपल्यात एवढा ओलावा राहिला याचे मला बरे वाटे.

गेल्या हंगामात पाठक कामानिमित्त खामगावला आले होते. फोटोपुढे ते बराच वेळ उभे राहिले. मी त्यांनाही ठिपक्याची गोष्ट सांगितली. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा जवळ जाऊन पाहिले, आणि हळूच म्हणाले की कॅमेऱ्याच्या भिंगावर डाग होता. हॉकीच्या संघाचा फोटो त्याच दिवशी काढला होता. त्यात तो गोलकीपरच्या कानावर आला आहे.